ओट्याची उंची

कृष्णमूर्तीने टेप भिंतीला लावलीच नाही. आधी ती वेदवतीबाईंच्या कोपराला लावली.

"हात वाकवा अम्मा. चपाती लाटताना वाकवता तसा," तो कन्नडमध्ये म्हणाला. जमिनीपर्यंत माप घेतलं, त्यातून सहा इंच वजा केले आणि पेन्सिल कानावर खोचली. "एकोणतीस. ओटा त्याच्यावर गेला की तुमचा खांदा गेलाच म्हणून समजा."

बाईंना भरून आलं. एक्केचाळीस वर्षं त्या चौतीस इंची ओट्यापुढे उभ्या होत्या. सासूबाई उंच, नणंदा उंच, घराणंच मेलं ताडमाड! ओटा त्यांच्या मापाचा, आणि सून आली चार फूट आठ इंचांची. पाटावर उभं राहून तिने सगळ्यांना जेवू घातलं. एकदा पाट सटकला, मनगट मोडलं, तरी दुसऱ्या दिवशीची हुळी, म्हणजे सांबाराचं पातेलं, तिनेच ढवळली, डाव्या हाताने. ओटा ठेंगणा करून घेऊ, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता मात्र बंगळूरहून मुलानेच फोन केला होता. "आई, स्वयंपाकघर नवं करूया," श्रीहर्ष म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टर तूच निवड. तुझा विश्वास बसेल तो."

विश्वास म्हणजे काय देवराज मार्केटातली वांगी आहेत, दाबून बघून घ्यायला? बाईंनी तीन जण पाहिले. मंडी मोहल्ल्यातला पहिला मोबाइलवर फोटो दाखवत सुटला, स्वयंपाकघराकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरा नंदीबैल. खिडकी मोठी करा म्हटलं तरी "आगली अम्मा", म्हणजे होऊ दे, खिडकी बुजवून टाका म्हटलं तरी "आगली अम्मा". तिसरा तर चक्क मराठी बोलणारा. दारातच "काकू" म्हणाला आणि बाई विरघळल्या. म्हैसुरात आपलं बोलणारं माणूस भेटलं की त्यांचं असंच व्हायचं. काम त्यालाच जायचं, पण तो म्हणाला, "पंधरा दिवसांत करून देतो. देवाशप्पथ!" पंधरा दिवसांत इथे गळका नळ दुरुस्त होत नाही! बाईंनी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.

कृष्णमूर्ती चौथा. दोन महिने लागतील म्हणाला. बाईंना आवडलेला पांढरा दगड नको म्हणाला, हळदीचे डाग जन्मात जाणार नाहीत. तोंडाचा फटकळ, पण आत एक बाहेर एक असं नाही. बाईंनी त्याच दिवशी मुलाला कळवलं, "मिळाला रे माणूस! खोटं बोलायचं त्याला माहीतच नाही."

सोमवारी काम सुरू झालं. बाईंची बॅग दाराशी तयार होती. धूळ त्यांना सोसायची नाही म्हणून श्रीहर्षने शहराबाहेर वरुणा गावाच्या बाजूला एक जागा बघितली होती. झाडं आहेत, मोकळी हवा आहे, हाकेला नर्स आहे. दोन महिन्यांचा तर प्रश्न, असं तो म्हणाला होता. त्यांना न्यायला तो निघालाच होता.

तोवर बाई स्वयंपाकघरात डोकावल्या. जुना ओटा फोडून झाला होता. नव्या ओट्याची रेघ भिंतीवर मारलेली होती. बाई हौसेने तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. रेघ थेट कोपराला आली.

"अय्यो, हे काय? एकोणतीस ठरलं होतं ना?"

कृष्णमूर्तीने टेप उगाच उघडली आणि मिटली. "काल तुमच्या मुलाचा फोन आला. चौतीसच ठेवा म्हणाले. भाडेकरूंना तेवढंच लागतं."

"कुठले भाडेकरू?"

"अम्माला सांगू नका, असंही म्हणाले." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "पण तुम्ही विचारलंत, तर मला खोटं बोलता येत नाही. काम संपलं की घर भाड्याने जाणार. तुम्ही तिकडेच राहणार. कायमच्या."

बाईंना रडू आलं नाही. संताप आला. पण मुलाचा जेवढा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. केवढ्या हुरळून गेल्या होत्या! गल्लीभर सांगत फिरल्या होत्या की या वयात मुलाने आपल्या मापाचं स्वयंपाकघर करून दिलं. आता ते कुठल्या तोंडाने परत घ्यायचं? आणि घर तर श्रीहर्षच्याच नावावर होतं. सही त्यांनीच आनंदाने करून दिली होती.

बाहेर गाडी थांबली. श्रीहर्षने हॉर्न दिला.

"ती वरुणाकडची जागा तुम्ही पाहिलीय का?" बाईंनी विचारलं.

"पाहिलीय. तिथल्या सगळ्या खोल्या मीच बांधल्या."

बाईंनी पदर सावरला. आवाज त्यांनी सरळ ठेवला, पण हात भिंतीवरच्या रेघेवर टेकवला.

"मग सांगा बघू, तिथला ओटा किती इंचांचा आहे?"

कृष्णमूर्तीने मान खाली घातली.

"तिथल्या खोल्यांना ओटा नाही, अम्मा."