दामाजींना गाडी लागते

"सोळा एमएमचा बार टाक," केतन म्हणाला. "अठराचा जाड पडेल. वळणावर गाडी कमी झुकेल, पण एक चाक खड्ड्यात गेलं की दणका दुसऱ्यालाही बसेल."

"मग तूच मेकॅनिक हो ना," परशुराम गाडीखालून म्हणाला. कल्याणला खाडीजवळच्या त्याच्या गॅरेजात केतनची ही तिसरी फेरी. आधी स्प्रिंगा बदलल्या, मग शॉकअप. आता मागच्या चाकांना स्टॅबिलायझर बार.

कारण एकच. केतनच्या वडिलांना, दामाजींना, गाडी लागत होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ठाण्याला डायलिसिस. रात्रपाळी संपवून केतन त्यांना घेऊन निघे. वाटेत मळमळलं की वीस मिनिटं मोडत. उशीर झाला की मशीनवरचा वेळ कापला जाई, आणि दोन दिवसांत दामाजींचे पाय सुजून येत.

"काका, जन्म होडीत गेला आणि गाडी लागते?" परशुरामने खिजवलं.

"होडीत मना काम असायचं," दामाजी बाकड्यावरून म्हणाले. "पहाटे पहाटे सुकाणूवरच्या तांडेलाकडे सारखी विडी मागायची."

"आणि तो द्यायचा?"

"शिव्या द्यायचा."

केतनला हसूही आलं नाही. औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये, तो रात्रभर मोजमापंच करायचा. गाडीचा झुकावही तो मोबाइलवर मोजून वहीत लिही. वळणावर पाच अंश होता. नव्या स्प्रिंगांनी चार झाला. बार बसल्यावर अडीच.

शुक्रवारी कोनगावची वळणं निर्विघ्न पार पडली. खड्डे, गतिरोधक, कशाचाच त्रास झाला नाही. माणकोलीनंतर रस्ता सरळ आणि गुळगुळीत झाला. केतनने जांभई दाबली.

"थांबव रे बाला. मळमळतंय."

"बाबा, किती वेळा सांगितलं, समोर बघा! माझ्याकडे काय बघत बसता?"

दामाजी उतरले, खाकरले, वाकून उभे राहिले. बाहेर काही पडलं नाही. चूळ भरून त्यांनी बाटली पुढे केली.

"तू पण तोंडावर पाणी मार. मग टपरीवर चहा घेऊ. मना घोटभरच, बाकीचा तू पी."

त्या दिवशीही उशीर झाला. अर्धा तास कापला गेला. केतनने वहीत लिहिलं, 'झुकाव अडीच अंश. मळमळ तशीच.' मग वही मिटून तो दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिला. चुकतंय कुठे, तेच कळेना.

शेवटी अठराचा बार बसवायला त्याने गाडी पुन्हा परशुरामकडे ठेवली. मंगळवारी नाइलाजाने दोघे एसटीने निघाले. बस जुनी, काचा खडखडत होत्या. वळणावर माणसं एकमेकांवर रेलत होती. आता काही खरं नाही, असं म्हणत केतनने वडिलांच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि लिंबू दिलं. त्यापुढचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

जाग आली तेव्हा बस ठाण्यात उभी होती. त्याचं डोकं वडिलांच्या खांद्यावर होतं. पिशवी कोरी होती. लिंबाला नखही लागलं नव्हतं.

"बाबा! आज गाडी लागली नाही तुम्हाला?"

दामाजींनी अवघडलेला खांदा चोळला.

"आज सुकाणू तुझ्या हातात नव्हतं, बाला."