वेगळी वाटी कोणती?

"मधली," मुख्तार मियाँ म्हणाले.

वेगळी होती ती डावी. दाराबाहेर उभ्या असलेल्या जोहराला ते चाचांच्या सुस्काऱ्यावरूनच कळलं.

कनौजच्या त्या अत्तर-कारखान्याच्या अंगणात सकाळी वाफ जमिनीलगत तरंगत असे. तांब्याच्या मोठ्या डेगांमधून शिजलेल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास हळूहळू भिंतींत, उशांत, केसांत उतरे. माणसं जागी आहेत की झोपेत चालताहेत, सांगता येऊ नये. या धुक्यात कुठला वास कुठे संपतो नि कुठे सुरू होतो, हे अब्बांनीच, मुख्तार मियाँनीच, जोहराला लहानपणी बोट धरून शिकवलं होतं.

आणि त्याच अब्बांनी गेल्या महिन्यात करपलेल्या अत्तराला "उत्तम, भरा कुप्या" म्हटलं. जोहराने वेळीच हात धरला, म्हणून घराची अब्रू वाचली.

या कारखान्यात गादी एकाच नाकाची. उस्तादाचं नाक जिवंत असेतो ती कुणाला बसायला मिळत नाही. खुद्द उस्तादालाही ती कुणाला देऊन टाकता येत नाही. नाक गेल्याचं सिद्ध झालं, तरच ती घरातल्या दुसऱ्या जाणत्या नाकाकडे जाते. असं दुसरं नाक जोहराचंच होतं. परकर नेसायच्या वयापासून तिला ती गादी हवी होती. म्हणूनच आता आपल्याला हवं तेच दिसेल, अशी तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

"तीन वाट्या ठेवू," ती चाचांना म्हणाली होती. "दोन चांगल्या, एक करपलेली. वेगळी कोणती ते अब्बांनी सांगायचं. नाही कळलं तरी एका वाटीवर बोट ठेवायचंच."

"मग आजच उरकून टाकू."

"एखाद्या दिवशी पडसं असतं, चाचा. एखाद्या दिवशी नुसतं नशीब. महिनाभर रोज बघू. पान खायच्या आधी, डोळ्यांवर पट्टी बांधून. करपलेलं तेल रंगावरून ओळखू येतं."

"ठाणेदाराच्या घरात जन्मायची तू, चुकून इथे आलीस!"

"आणि मी आत थांबणार नाही. माझा श्वास अडकला तरी अब्बांना कळतं. वाट्यांची जागा तुम्ही फासे टाकून ठरवा."

फाशांचं नाव निघताच चाचांची तक्रार संपली.

महिनाभर जोहरा दाराबाहेर उभी राहिली. एकदा तरी अब्बांचं बोट योग्य वाटीवर पडावं, अशी मनातल्या मनात दुआ करत राहिली. आत फासे खुळखुळत. मग शांतता. मग चाचांचा आवाज, "आजही नाही."

शेवटच्या दिवशी चाचा बाहेर येऊन बसले. "परीक्षा पक्की आहे, बेटी. रोज एकच उत्तर देते. भाईजानचं नाक गेलं."

जोहरा ओढणीत तोंड खुपसून रडली. अब्बांनीच तिला उठवून गादीवर नेलं.

"अशी काठावर काय टेकतेस? नीट बस. गादी चावत नाही."

दुसऱ्या दिवशी ती वाट्या आवरत होती, तेव्हा शेजारची चुन्नी बुआ आली. एका तापात बुआचं नाक गेलं, त्याला वर्षं लोटली. फोडणी नि गटार तिला सारखंच.

"माझीही घे की परीक्षा," बुआ म्हणाली. "मीही बसते गादीवर. बघू तुझे अब्बा काय म्हणतात."

"चला बुआ, तुमचंही होऊन जाऊ दे!" कितीतरी दिवसांनी जोहरा हसली. तिने बुआचे डोळे बांधले, वाट्या फिरवल्या.

बुआने बोट ठेवलं. चूक. पुन्हा वाट्या फिरल्या. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा बोट थेट करपलेल्या वाटीवर.

"बरोबर आलं?" बुआ ओरडली. "अगं, मला काडीचाही वास नाही आला!"

मग दोनदा चूक. मग पुन्हा बरोबर.

"अजून एकदा, पोरी. मजा येतेय."

पण जोहराचे हात वाट्यांवर तसेच थांबले होते. बाहेर वाफेत अब्बा खाटेवर पडून होते, डोळे मिटून, एखादं स्वप्न पडत असावं तसे हसत.

नाक नसलेल्या बुआचं बोट नुसत्या नशिबाने सहांत दोनदा बरोबर पडलं होतं. महिनाभरात अब्बांचं बोट एकदाही, अगदी चुकूनसुद्धा, बरोबर वाटीवर पडलं नव्हतं.