फुटपाथवाल्याला बोलव
कॅनडातल्या मॅनिटोबाच्या हिवाळ्यातही म्हातारी ओरिस्या रोज चाकांचा वॉकर ढकलत वृद्धाश्रमात जायची. तिथे ठेवलेला नवरा तिच्याच हातून जेवायचा. त्या सकाळी नगरपालिकेच्या गाडीने रस्त्यावरचा सगळा बर्फ फुटपाथवर लोटला होता. कमरेएवढा ढीग पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रस्त्याच्या मधोमध चालू लागली. मागून तीच गाडी भोंगा वाजवत आली. "आजी, मरायचंय का? फुटपाथवरून चाला!" ड्रायव्हर ओरडला. "दाखव, कुठाय तो? तूच पुरलायस!" "मला फक्त रस्त्याचं काम दिलंय." "मग फुटपाथवाल्याला बोलव." वॉकरला ब्रेक लावून ती त्याच्या बैठकीवरच गाडीसमोर बसली. मागे मोटारींची रांग लागली. पोलीस विनवून थकला. अखेर फुटपाथचं छोटं यंत्र आलं, ढीग फोडत वृद्धाश्रमाच्या फाटकापर्यंत गेलं. "झालं समाधान? उठा आता!" ड्रायव्हर म्हणाला. ती उठली. "उद्याही याच वेळेला निघेन. लक्षात ठेव."