एकोणीस नंबरची आई

“त्याच्या हातात काही नव्हतं,” म्हातारी म्हणाली. “एवढंच लिहा साहेब. दुसरं काही मागत नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिला खुर्चीत बसून दोन मिनिटंही झाली नव्हती. मांडीवर चेन तुटलेली निळी पिशवी होती, बंदाला सुतळीने कसलीशी चिठ्ठी बांधलेली. बाजूला ठेवा म्हटलं तर तिने ती आणखी घट्ट धरली.

“आधी माझे प्रश्न होऊ द्या, बाई.”

“विचारा की.”

आरोपीची मानसिक तपासणी कोर्टाने या दवाखान्याकडे सोपवली होती. इथे व्हरांड्यात कुणाचं नाव पुकारत नसत. लोकांची उगाच बदनामी नको, म्हणून प्रत्येक केसला नंबर. नोंदणीच्या टेबलावरच्या ताईंनी दारातून डोकं आत घालून “सर, एकोणीसची आई आलीय” एवढंच सांगितलं आणि डॉक्टरांनी फाईल उघडली. एकोणीस नंबरने बायकोला जिन्यावरून ढकललं होतं. ती वाचली नाही. अहवाल पाच वाजेपर्यंत जायला हवा होता आणि शेवटचा रकाना अजून कोराच होता. त्या वेळी आरोपी स्वतःला आवरू शकत होता का?

“लहानपणी डोक्याला मार? फिट्स? मोठं आजारपण?”

“ते मी काय सांगणार, साहेब?” ती खिडकीकडे बघू लागली.

डॉक्टरांना याची सवय होती. या खुर्चीतल्या आया एकतर धो धो बोलतात, नाहीतर दातखीळ बसल्यासारख्या गप्प होतात.

“बाप मारायचा?”

“पट्ट्याने.” हे मात्र पटकन आलं. “पाठीवर वळ आहेत अजून. त्याचा आजाही तसलाच. जे रक्तातच उतरलंय त्याला माणूस काय करणार, तुम्हीच सांगा. शिकलेले लोक म्हणतात म्हणे, आपण ठरवतो असं आपल्याला नुसतं वाटतं, होणारं सगळं आधीच ठरलेलं असतं.”

“म्हणतात काहीजण.”

म्हणतात कसले, डोकं पिकवतात! याच मुद्द्यावरून डॉक्टरांनी कॉलेजात एका जिवलग मित्राशी कायमचं बोलणं सोडलं होतं.

“मग तुम्हीही म्हणा ना,” म्हातारी म्हणाली. “तुमचं काय जातंय?”

“त्याच्या पाठचे दोन भाऊ आहेत, बाई. त्यांनीही तोच पट्टा खाल्लाय. ते कुणावर हात उचलत नाहीत.”

ती एकदम पुढे वाकली आणि तिने टेबलाची कड धरली.

“पाया पडते तुमच्या. आठ महिने झाले, डोळ्याला डोळा नाही. डोळा लागला की तो जिना दिसतो. घास घशाखाली उतरत नाही. तुमच्यासारख्याने सहीनिशी लिहिलं ना, की हे असंच होणार होतं, कुणी काहीही केलं असतं तरी असंच झालं असतं, तर मी जगेन. नाहीतर नाही जगायची.”

हो म्हणून टाकावं असं डॉक्टरांना क्षणभर वाटलं. पण खोटा दिलासा त्यांना कधी जमला नव्हता. त्यावरून घरातही त्यांना कमी बोलणी बसत नसत.

“ऐका. राग येणं त्याच्या हातात नव्हतं, हे मी लिहीन. पण राग आणि ढकलणं, यांच्यामध्ये एक क्षण असतो. एवढासा. त्या क्षणी माणूस थांबू शकतो.”

“प्रत्येकाला असतो तो?”

“प्रत्येकाला.”

“रागाचंच नाही म्हणत मी. समजा, लोक काय म्हणतील म्हणून कुणी घाबरलं. त्यालाही?”

“त्यालाही. भीती वाटणं आपल्या हातात नसतं. पुढचं पाऊल असतं.”

तिने फाईलीकडे बोट केलं.

“यात पोरीचं काय लिहिलंय?”

“मारहाणीमुळे तीनदा माहेरी गेली होती. तिन्ही वेळा परत आली.”

“एवढंच?”

“एवढंच. मला फक्त त्याच्याबद्दल विचारलंय.” डॉक्टरांनी पेन उचललं. “मी काय लिहिणार ते तोंडावर सांगतो, तुमच्या पाठीमागे नको. थांबणं शक्य होतं. असं लिहिणार आहे.”

म्हातारीचे खांदे खाली आले. ती रडली नाही. तुटलेली चेन अंगठ्याने मागेपुढे करत राहिली. आता तिला कुठली आशा म्हणून उरली नव्हती, ते डॉक्टरांनाही दिसलं.

“स्वतःला बोल लावू नका,” ते म्हणाले. “यात आईचा दोष नसतो.”

दार उघडलं. टेबलावरच्या ताई होत्या.

“सर, एकोणीसच्या आई आल्यात. बस चुकली म्हणून उशीर झाला म्हणाल्या. मुलाचे लहानपणचे कागद आणलेत त्यांनी.”

“अहो, मग या कोण?”

ताई गोंधळल्या. “यांनाही विचारलं होतं मी. एकोणीसची आई का म्हटलं, तर हो म्हणाल्या.”

म्हातारी उठली. तिने पिशवी टेबलावर ठेवली, चिठ्ठी डॉक्टरांच्या बाजूला करून. चिठ्ठीवर पोलिसांचा शिक्का होता.

“परवा परत दिली त्यांनी,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा माझी लेक परत जायला तयार नव्हती, साहेब. ही पिशवी मीच भरली. चेन अडकली, तेव्हा क्षणभर हात थांबला होता माझा. मग जोर लावून ओढली.”