दोन गावदेवी

स्कोअरचं पान उघडलं आणि हरेशला आपलं नाव लगेच सापडलं. गावदेवी संघ, नांदवण. हरेश, बेचाळीस धावा. पुढे त्याला आऊट करणाऱ्या बॉलरचं नाव होतं, सुरेंद्र. आणि दोन ओळी खाली, त्याच संघात, तोच सुरेंद्र चार विकेट घेऊन बसला होता.

"मला माझ्याच बॉलरनी काढला काय गो?" हरेशनं विचारलं.

वर्षाला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासात ती शिकवायची, आणि आपल्या नांदवण गावच्या क्रिकेट स्पर्धेची वेबसाइट तिनं हौसेनं अंगावर घेतली होती. हरेश स्पर्धेचा सेक्रेटरी. संध्याकाळी बक्षीस समारंभात हे पान पाहुण्यांसमोर पडद्यावर दाखवायचं होतं, आणि दुपारी लोडशेडिंगला लाइट जायच्या आत ते धड व्हायला हवं होतं.

गडबड कुठे झाली ते तिला जाडजूड मॉनिटरवर स्वच्छ दिसत होतं. स्कोअररनं पाठवलेली फाइल प्रोग्रामनं उलगडली की खेळाडूंचा एक सपाट ढीग हाती यायचा. तिचा प्रोग्राम त्यातला एकेक जण उचलून संघाच्या नावाच्या डब्यात टाकत होता. आणि नांदवणात गावदेवी नावाचे संघ दोन. एक गावातला, हरेशचा. दुसरा गावाच्या कडेच्या उंबरपाड्याचा, तिच्या धाकट्या भावाचा, सुरेंद्रचा. देवी दोघांचीही एकच, मग संघाला दुसरं नाव कोण कशाला देईल? कॉम्प्युटरला हे कुठलं कळायला. एक नाव, एक डबा, असा त्याचा हिशेब. दोन्हीकडची पोरं त्यानं एकाच डब्यात कोंबली होती.

"मग ऱ्हाऊ दे की तसंच," हरेश खुर्चीत रेलून म्हणाला. "माझ्या पुढचं सुरेंद्रचं नाव तेवढं काढ. बाकी पोरगा आपलाच हाय. गाव एक, देवी एक. चार विकेट गावाच्या नावावर."

तो हे अगदी गोडीत म्हणाला. वर्षाच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. सुरेंद्र वीटभट्टीवरचं काम बुडवून खेळायला आला होता. त्याच्या विकेटा अशा परस्पर गावाच्या घशात गेल्या, तर उंबरपाड्याचा संघ मैदानात उतरलाच नव्हता, असंच संध्याकाळी सगळ्यांना दिसणार होतं. आणि तेसुद्धा तिच्या हातच्या पानावर.

"नाव काढायचं नाय, दादा," ती म्हणाली. "डबे बदलायचे."

"म्हंजे?"

"आधी गाव. गावाच्या पोटात पाडा. पाड्याच्या पोटात संघ, नि संघाच्या पोटात खेळाडू."

"मधी पाडा कशाला? पाहुणे काय पाडा बघाया येतात?"

"फाइलीत लिहिलाय. मीच वाचला नव्हता."

हे मात्र खरं होतं, आणि ते तिला बोचलं. उंबरपाडा सांगून मुरबाडात कुणाला कळत नाही, म्हणून ती स्वतःही सगळीकडे नुसतं नांदवणच सांगायची. त्याच सवयीनं तिनं फाइलीतला पाडा बिनकामाचा म्हणून सोडून दिला होता.

तिनं प्रोग्राममधली जुनी ओळ पुसली. गाव, पाडा, संघ, खेळाडू अशा एकात एक डब्यांसाठी चार चौकोनी कंस एकापुढे एक लावले आणि पान पुन्हा उघडलं.

वर नांदवण. त्याखाली ठळक अक्षरांत उंबरपाडा. उंबरपाड्याखाली गावदेवी, आणि गावदेवीखाली सुरेंद्र, चार विकेट. वर्षानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. पाड्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत तिनं कधी कुठे पाहिलं नव्हतं. हे कुणी मेहेरबानी म्हणून लिहिलेलं नव्हतं, तिनं आपल्या अकलेनं तिथे आणलं होतं.

"नि आमच्या डोक्यावर काय नाय ते?" हरेशनं काचेवर बोट ठेवलं.

त्याचा गावदेवी संघ आता वेगळा झाला होता. बेचाळीस धावाही जागेवर होत्या. पण पाड्याचं नाव यायचं तिथे नुसती कोरी पट्टी होती.

"तुमचा पाडा फाइलीत नाय. जागा रिकामी हाय."

"आमाला कुठला पाडा? आमी गाव."

"गाव वर आलंय ना. ते दोघांचंही. आता पाडा सांगा."

आपण राहतो त्या भागाला काय म्हणतात, हे आजवर हरेशला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं मान खाजवली, पंख्याकडे बघितलं.

"तुमी लोकं काय म्हणता आमच्या बाजूला?" शेवटी त्यानंच विचारलं.

"नळपाडा," वर्षा म्हणाली. "आमच्या बाया हंडे घेऊन तुमच्याकडं येतात ना. आमच्यात नळ कुठं हाय."

नळ हरेशच्या अंगणाला लागूनच होता, आणि हंड्यांची रांग तो रोज सकाळी दात घासता घासता बघायचा. वर्षाची बोटं कीबोर्डवर होती. तिला घाई नव्हती.

"टाक," तो म्हणाला.

तिनं टाइप केलं. नळपाडा. अक्षरं उंबरपाड्याएवढीच ठळक आली.

"पाहुणे इचारतील पण," हरेश हळूच म्हणाला. "नळपाडा का म्हणतात म्हणून."

"इचारू देत," वर्षा म्हणाली, आणि तिनं पान सेव्ह केलं.