तिसरी हाक

देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झाल्यावर महिपतींना इंद्रायणीत मासे धरायचा नाद लागला, आणि मोबाईलवरून गळ न् रॉड मागवायचा त्याहून जास्त. त्यावरून त्यांची बायको नंदाबाई रोज भांडायच्या.

महिपती वारले त्याला आठ महिने झाले, तरी त्यांच्या नावानं पार्सलं येतच राहिली. सातवा रॉड आला तेव्हा मुलाच्या, संदेशच्या, अंगावर काटा आला. "महिपती शिंदे, पार्सल!" अशा तीन हाका झाल्याशिवाय आई दारही उघडत नव्हती.

शेवटी वडिलांचा मोबाईल त्याला आईच्या उशाखाली सापडला.

"आई, तू मागवतेस हे? कशाला?"



"उभ्या जन्मात मी त्यांचं नाव घेतलं न्हाई रं. आता दारात येऊन त्यांना हाक मारणारा त्यो पार्सलवालाच काय तो उरलाय."