हद्दीबाहेर

"सदर सज्जा हद्दीबाहेर चार इंच आल्याने पादचाऱ्यांच्या जिवास धोका आहे, सबब तो पाडावा," अशी नगरपालिकेच्या बांधकाम निरीक्षकाची नोटीस होती. गल्ली पुढे बंद; पादचारी म्हणजे दूधवाला आणि दोन मांजरे. निरीक्षकाच्या टेपचे पहिले चार इंच केव्हाच तुटलेले. म्हणून प्रत्येक मापातून तो ते इमानेइतबारे वजा करी. वॉर्डातल्या तीनशे घरांत एकदाही चुकला नव्हता. चुकला तो सख्ख्या धाकट्या भावाच्या घरी, जिथे आई गेल्या महिन्यात कायमची राहायला गेली होती. सुनावणीत मुख्याधिकाऱ्यांनी विचारले, "नजरचूक का?" "दादा, हो म्हण आणि मोकळा हो," भाऊ पुटपुटला. निरीक्षकाचा जबाब शब्दशः असा: "मी टेप लावली, तेवढ्यात आई सज्ज्यातून ओरडली, 'सूनबाई, चहा टाक, पाहुणा आलाय!' साहेब, पोटचा मुलगा पाहुणा? मग वजाबाकी केलीच नाही."